निंबगावची आग कुणी विझवली?

१

सोमवारी सकाळी नऊच्या सुमारास लोहाऱ्यात आग चोरीला गेल्याचं उघडकीला आलं.

आग म्हणजे एकतीस ज्वाळा. एकेक ज्वाळा बोटाएवढी, मेंढीच्या लोकरीची. बुडाला पिवळी, मध्ये नारिंगी, शेंड्याला लालभडक, आणि पोटात बारीक तार. शनिवारी संध्याकाळी त्या निंबगावच्या रानात कडब्याच्या एका कोपीवर धडाडून पेटलेल्या होत्या. सोमवारी कोप जागच्या जागी होती. ज्वाळा मात्र एकही नव्हती.

निंबगाव नकाशात शोधायला जाऊ नये. ते लोहाऱ्यात, तहसीलच्या मागच्या रस्त्याला, बियाण्यांच्या एका जुन्या गोदामात, दोन बाजा जोडल्यावर होईल एवढ्या टेबलावर वसलेलं आहे. तिथं वीतभर उंचीचे पाच अग्निशामक जवान राहतात, आणि त्यांचा लाल बंब. ‘पाच गडी, लाल गाडी’ ही लहान मुलांची मालिका तिथंच तयार होते. बाहुली केसभर हलवायची, फोटो काढायचा; पुन्हा केसभर हलवायची, पुन्हा फोटो. असे बारा फोटो झाले की पडद्यावर एक सेकंद सरतो. दिवसभर मान मोडून काम केलं तर दहा-बारा सेकंद पदरात पडतात.

मान शिवलीलाची मोडायची. बाहुल्या हलवायचं काम तिचं.

सध्या येळवशीचा भाग चालू होता. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, सगळा मुलूख रानात जेवायला जातो. कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोप, उभी करायची, तिच्याखाली चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून पुजायचे, भज्जी, म्हणजे भाज्या-डाळींचं कालवण, आणि आंबील खायची, आणि दिवस कलला की कडब्याचा पेटता हेंडगा मशालीसारखा रानाभोवती फिरवायचा. भागाची गोष्टही तेवढीच: हेंडग्याची ठिणगी कोपीवर पडते, कोप पेटते, पाच गडी धावून येतात. शनिवारी आग अगदी ऐन भरात असताना काम थांबलं, कारण रविवारी खरीखुरी येळवस होती आणि कुणालाच गोदामात बसायचं नव्हतं.

“आग कुठंय?” उमाशंकर सरांनी काळा पडदा बाजूला केला तो तसाच हातात धरून विचारलं. मालिका त्यांची, गोदाम त्यांनी भाड्यानं घेतलेलं, आणि गुरुवारपर्यंत भाग मुंबईच्या चॅनेलला पोचला नाही तर नाव जाणार तेही त्यांचंच. “आग कुठंय म्हणतो मी!”

शिवलीला धावत आली. मागोमाग तिची चार वर्षांची हर्षाली आली, आणि जमिनीवरच्या लाल टेपपाशी थांबली. टेपच्या आत यायचं नाही हे तिला ठाऊक होतं.

सरांची नजर फिरत फिरत तिच्यावर येऊन थांबली.

“हर्षाली! आग तू घेतलीस का?”

गोदामाला पत्रा होता. आवाज वर जाऊन दुप्पट होऊन खाली आला.

हर्षालीनं मान हलवली. “व्हय.”

२

मोठ्या आवाजात विचारलेल्या कुठल्याही प्रश्नाला हर्षाली ‘व्हय’ म्हणते, हे शिवलीलाला माहीत होतं. मागच्या महिन्यात अंगणवाडीच्या बाईंनी पाण्याचा माठ कुणी फोडला म्हणून विचारलं, तेव्हाही ही ‘व्हय’ म्हणाली होती. माठ मांजरानं पाडला होता.

पण तिला आणखीही एक गोष्ट माहीत होती. येळवशीला ती सासरी माकणीला गेली होती आणि आज पहिल्याच जीपनं आठला इथं पोचली होती. बाहेरच्या खोलीत ती जवानांच्या टोप्या चिकटवत बसली आणि किमान दहा मिनिटं तिची पाठ लेकीकडं होती. दहा मिनिटांत चार वर्षांचं मूल काय काय करू शकतं, याची यादी तिच्या डोक्यात कायम तयार असते.

म्हणून तिनं सगळ्यात आधी स्वतःच्याच लेकीचं दप्तर तपासलं. पाठ करून, कुणाला दिसणार नाही असं. अर्धं बिस्कीट, बाटलीचं झाकण, प्लॅस्टिकच्या गाईचा पाय. लोकरीचा एक धागासुद्धा नाही. तिला हायसं वाटलं आणि त्याच क्षणी लाजही वाटली.

“हे बघ शिवलीला,” सर म्हणाले. आता आवाज खाली आला होता, पण तो जास्तच लागत होता. “सेटवर लहान मूल नको असं करारात लिहिलेलं आहे. मी डोळेझाक करत होतो. ज्वाळा मिळाल्या नाहीत तर उद्यापासून पोरीला आणायचं नाही.”

‘पोरीला आणायचं नाही’ म्हणजे ‘तू यायचं नाही’. नवरा एसटीत कंडक्टर, लांबच्या गाडीवर, एक दिवस घरी तर दोन दिवस बाहेर. सासू माकणीला. अंगणवाडी बाराला सुटते. बी.ए. करून चार वर्षं घरात काढल्यावर हे काम तिच्या हाताला लागलं होतं, आणि हात असा बसला होता की भागाच्या शेवटी पडद्यावर तिचं नाव येत होतं.

“मला पाच वाजेपर्यंत द्या, सर.”

“काय करणार पाचपर्यंत?”

“बघते.”

बघायचं म्हणजे आधी पडदा. शनिवारचा शेवटचा फोटो दोनशे बारा नंबरचा. तो तिच्या वहीत लिहिलेला होता. तिनं तो कॉम्प्युटरवर पुसट करून आत्ताच्या चित्रावर ठेवला. ही इथली रोजचीच पद्धत. बाहुली केसभर जरी सरकली असेल तर कडा दुहेरी दिसतात. पाचही गडी एकेरी दिसत होते. बंब एकेरी. हातातला पाण्याचा पाइपसुद्धा जिथल्या तिथं.

“सर, हे बघा. गड्यांना धक्काही लागलेला नाही. कोपीपासून ते दोन बोटांवर उभे आहेत. हर्षालीनं हात घातला असता तर निदान दोघं आडवे झाले असते.”

“नशीब म्हणायचं.”

“आणि ती लोकर कशाला घेईल? ती झोपेतसुद्धा बंब बंब करते. एकटी सापडली असती तर आधी बंब उचलला असता.”

सर पडद्याकडं बघत राहिले.

बाहेरचं कुलूप शाबूत होतं. किल्ल्या तीन. एक सरांकडं, एक कॅमेरा-दिवे सांभाळणाऱ्या इंद्रजितकडं, एक सल्लागार महांतप्पांकडं; आज आठला दारही त्यांनीच उघडून दिलं होतं. इंद्रजित विसराळू, त्यामुळं त्याची किल्ली गोदामामागं राहणाऱ्या अयोध्या मावशीच्या खुंटीला टांगलेली असते.

आणि शनिवारी अयोध्या मावशीचंच सरांशी वाजलं होतं.

३

अयोध्या मावशी दारातच लोकर पिंजत बसली होती. घर मेंढ्यावाल्यांचं; निंबगावातली आग, धूर, ढग, म्हाताऱ्यांच्या मिशा, सगळं तिच्या हातचं.

“मावशी, खरं सांगा. आग तुम्ही काढली?”

“काढली असती,” मावशी म्हणाली. हात थांबला नाही. “पांडवाच्या कोपीला आग लावून सणाला जायचं, बरं दिसतं का गं? म्या तोंडावर म्हणलं सराला. तर म्हणे, मावशी, ते दगड थर्माकोलचे आहेत. देव थर्माकोलचा असला तर देव न्हाय का?”

“मग काढली?”

“मी काढली असती तर चुलीत घातली असती. परत लावायला ठिवलीच नसती. आन् काल तर दिसभर भावाच्या रानात व्हते, गावाकडं. सकाळच्या गाडीनं आले. किल्ली बघ, खुंटीलाच हाय.” मग तिनं मान वर केली. “पोरीला लई बोलला का गं तो?”

“हो.”

“बसू दे तिला माझ्यापाशी. हितं काय टेप न्हाय.”

हर्षाली लोकरीच्या ढिगात बसली आणि शिवलीला महांतप्पांना शोधायला निघाली.

महांतप्पा तीस वर्षं नगरपालिकेच्या बंबावर होते. निवृत्त झाल्यावर सरांनी त्यांना सल्लागार म्हणून बोलावलं, की गड्यांनी शिडी कशी धरावी, पाइप कसा गुंडाळावा. ते काम चार दिवसांचं होतं. अप्पा दीड वर्षं येत होते. शिवलीला बाहुली हलवून “झालं” म्हणायची आणि स्टुलावर बसलेले अप्पा फोटोचं बटण दाबायचे. मध्येच ओरडायचे, “शेंड्याला पाणी मारून काय व्हतंय? बुडाला मारा, बुडाला! वारं जिकडनं येतंय तिकडनं!” सरांना शेंड्याला मारलेलं पाणी छान दिसतं म्हणून हवं असायचं. मागच्याच आठवड्यात सर म्हणाले होते, “अप्पा, आणखी एकदा मध्ये बोललात तर घरी बसा.” तेव्हापासून अप्पा नुसतं बटण दाबत होते.

ते पायरीवर बसून गड्यांसाठी कंदिलाच्या वातीचा पाइप शिवत होते.

“आग विझली तर वाईट काय झालं माय?” ते हसत म्हणाले. “बंबवाल्याला विचारशील तर चांगलंच झालं.”

“काल कुठं होता अप्पा?”

“जावयाच्या रानात. भज्जी खाल्ली, आंबील प्यायलो. मोबाइलवर फोटो हाय, दावू?”

“नको.”

“सर काय म्हणाला?”

“हर्षालीला उद्यापासून आणायचं नाही म्हणाले. ती ‘व्हय’ म्हणाली ना.”

अप्पांच्या हातातली सुई थांबली. त्यांनी विचारलं, “ती व्हय म्हणली?” आणि उत्तराची वाट न बघता पुन्हा शिवायला लागले.

एवढ्यात आतून इंद्रजितची हाक आली.

“शिवलीला! अगं तू वहीत काय नंबर लिहिलास?”

“दोनशे बारा.”

“मग हा बघ. मशीनमध्ये दोनशे अठ्ठेचाळीस आहेत.”

४

छत्तीस फोटो जास्तीचे. कुणी काढले कुणालाच ठाऊक नाही.

“वेळ बघ की कधीचे आहेत,” सर म्हणाले.

इंद्रजितनं खांदे उडवले. “मशीनचा सेल गेलाय सर, मी तीनदा सांगितलं. मेन बंद केलं की घड्याळ परत एक जानेवारीला जातं. अन् कॅमेऱ्यात तारीख लावलेलीच नाही.”

“चालव.”

छत्तीस फोटो, तीन सेकंद. पडद्यावर निंबगावची कोप पेटलेली होती. पहिल्या फोटोत खालची एक ज्वाळा गेली. मग तिच्या शेजारची. मग त्यांच्या वरची. अशी एकेक करत आग वर वर आटत गेली, शेवटी कोपीच्या टोकावर एकच ज्वाळा उरली, तीही गेली. कोप मोकळी झाली. खाली पाच पांढरे पांडव दिसायला लागले. आणि पाचही गडी तसेच पाइप धरून उभे, जणू आग आपोआप शहाणी झाली.

“पुन्हा,” शिवलीला म्हणाली.

चार वेळा बघितलं. महांतप्पा दारातनं बघत होते. अयोध्या मावशीही हर्षालीला कडेवर घेऊन येऊन बघून गेली आणि “आता कसं बरं दिसतंय,” म्हणाली.

“सर,” शिवलीला म्हणाली, “चार वर्षांच्या मुलीनं छत्तीस फोटो काढले म्हणाल का?”

“नाही म्हणणार.” सर पडद्यावरची नजर न काढता बोलले. “हर्षालीनं केलं नाही हे मान्य. मी तिला उगाच बोललो.”

शिवलीलाचा जीव भांड्यात पडला. तो तिथं टिकला नाही.

“पण छत्तीस वेळा हात आत घालायचा आणि एकाही गड्याला धक्का लागू द्यायचा नाही, असा हात इथं कुणाचा आहे?” सरांनी आता तिच्याकडं बघितलं. “आठ ते नऊ तू आत होतीस. एकटी.”

“सर!”

“मी विचारतोय फक्त. शनिवारी शॉट अर्धवट सोडू नका म्हणून मागं लागली होतीस; मग तूच आग विझवून टाकलीस का?”

लेक सुटली होती आणि आई अडकली होती. इंद्रजित दिव्याची वायर गुंडाळायला लागला. ती आधीच गुंडाळलेली होती.

“इंद्रजितला विचारा की,” शिवलीला म्हणाली, आणि म्हणताना तिला स्वतःचाच राग आला. “त्याला पुण्याहून कामाचं बोलावणं आलंय.”

“आलंय,” इंद्रजित म्हणाला. “म्हणून मी आग चोरू? मला वाटोळंच करायचं असतं तर सगळे फोटो पुसले असते, बाई. हे तर जपून काढलेत. एकसुद्धा धूसर नाही.”

शिवलीलानं त्याच्याकडं पाहिलं. जपून काढलेत. रागाच्या भरात बोललेलं ते वाक्य तिच्या डोक्यात जाऊन बसलं.

“पाचला अजून वेळ आहे, सर,” ती म्हणाली.

५

दुपारी सगळे जेवायला बसले तेव्हा ती एकटी वही घेऊन पडद्यासमोर होती. हर्षाली मांडीवर झोपली होती.

जो आग बिघडवायला आला, तो फोटो कशाला काढेल? इंद्रजित म्हणाला ते खरं. जिला आग कायमची जावी असं वाटतं, ती फोटो कशाला काढेल? मावशीनं चुलीत घातली असती. फोटो तोच काढेल, ज्याला ही आग जशीच्या तशी परत लावायची आहे. एकेक ज्वाळा काढायची, फोटो घ्यायचा. परत लावताना फोटो उलटे बघत जायचे. शेवटची काढलेली आधी लावायची. आग विझवणाऱ्यालाच ती पुन्हा पेटवायची होती. फक्त मधला वेळ ती पेटलेली नको होती.

मधला वेळ म्हणजे येळवस. रविवार.

आणि ज्वाळा एकतीस. फोटो छत्तीस. उरलेले पाच फोटो काय आहेत? तिनं ते सावकाश पुढं सरकवले. काहीच नाही. विझलेली कोप, विझलेली कोप, विझलेली कोप. कुणीतरी आग गेल्यावरही पाच वेळा बटण दाबलं होतं. चुकून एकदा दाबलं जातं, पाचदा नाही.

तिनं वहीत क्रम उतरवला. कोपीवरचा धूर उजवीकडं झुकवलेला, म्हणजे वारं डावीकडनं. पहिली गेलेली ज्वाळा डावीकडची, बुडातली. दुसरीही. सगळी आग डावीकडनं उजवीकडं, बुडातनं शेंड्याकडं गेली होती.

तिला कळलं. पण कळणं वेगळं आणि चौघांसमोर म्हणणं वेगळं. सल्ला देणारी माणसं ऐकणाऱ्यालाही तयार करतात. दीड वर्ष ‘बुडाला मारा’ ऐकून ऐकून हे आता कुणालाही पाठ असणार. तिलासुद्धा होतं.

तीनला तिनं जुन्या, टाकून दिलेल्या दहा ज्वाळा कडब्याच्या एका पेंढीत टोचल्या आणि टेबलावर ठेवल्या.

“एकेकानं यायचं आणि या काढायच्या. बाकी काही नाही.”

“काय पोरखेळ आहे,” सर म्हणाले. पण पहिले तेच आले. मधली सगळ्यात मोठी ज्वाळा उपटली, मग दिसेल ती. इंद्रजितनं कॅमेऱ्याकडची बाजू आधी मोकळी केली. मावशीनं मेंढी कातरावी तशी वरून खाली सरसर साफ केली, आणि “काय सांडू नगं हितं,” म्हणून खालचे धागेही वेचले.

“अप्पा, तुम्ही.”

महांतप्पा आले. पेंढीकडं बघितलं. हात बुडाकडं गेला, हवेत थांबला, आणि वर गेला. त्यांनी शेंड्यावरची ज्वाळा आधी काढली. मग त्याखालची. अशा वरनं खाली दहाही.

“झालं?” ते म्हणाले.

“झालं, अप्पा,” शिवलीला म्हणाली.

६

ती त्यांच्या मागोमाग गोदामाच्या मागं गेली. तिथं लिंबाखाली त्यांची सायकल होती आणि हँडलला डबा.

“तीस वर्षं बंबावर काढलेला माणूस शेंड्यापासून आग विझवत नाही,” ती म्हणाली. “झोपेतसुद्धा नाही. तुम्हाला कळलं मी काय बघतेय, म्हणून मुद्दाम उलटं केलं.”

अप्पा सायकलची घंटी पुसायला लागले.

“तुम्ही रोज साडेनऊला येता. आज आठला दारात होता. हातात डबा. मला बघितलं, कुलूप उघडून दिलं, आणि चहाला जातो म्हणालात. डबा आत ठेवला नाही, चहाला बरोबर नेला. तेव्हाच मला वाटलं होतं, चहाच्या टपरीवर डबा कशाला? तुम्हाला नऊच्या आत आग परत लावायची होती. मी लवकर आले.”

“लई लवकर आलीस माय,” अप्पा हळूच म्हणाले.

“का काढली, अप्पा?”

ते लिंबाच्या बुडाशी बसले.

“तीस येळवशी मी बंबापाशी बसून काढल्या. लोकं रानात, आमी ठाण्यात. सांजंला हेंडगे फिरायला लागले की फोन यायचा. कडब्याची गंज पेटली, कोप पेटली. काल जावयानं पान वाढलं. बाजरीचा उंडा हातात घेतला, आन् घास खाली उतरंना. आग पेटलेली सोडून, कुलूप लावून, जेवायला बसलोय असं कधी केलं न्हवतं. लोकर हाय, कळतंय की मला. डोक्याला कळतंय. हाताला कळंना.” त्यांनी तळवे उलटसुलट करून बघितले. “भज्जीचा फोटो काढला आन् जीप धरून आलो. विझवली. मग बरोबर आणलेलं निवांत जेवलो, हितंच पायरीवर.”

“आणि शेवटचे पाच फोटो?”

“विझली म्हणून लगेच पाठ फिरवायची न्हाय. पुन्हा धुमसते. थांबायचं असतं.”

शिवलीलाला हसू आलं असतं. पण त्याच्या आधी दुसरंच काहीतरी वर आलं.

“आणि माझ्या लेकीच्या नावावर खपू दिलंत. मी सांगितलं तुम्हाला, ती व्हय म्हणाली म्हणून. तुम्ही सुई ओढत बसलात. नंतर माझं नाव घेतलं सरांनी, तेव्हाही तुम्ही तिथंच होता. चार वर्षांची पोर आहे, अप्पा. तुम्हाला नातवंडं आहेत.”

अप्पांनी उठून हँडलचा डबा काढला आणि आत निघाले. शिवलीला मागं. आपण आता काय सांगणार, किती सांगणार, हे तिनं अजून ठरवलं नव्हतं. ठरवायची वेळ अप्पांनी येऊच दिली नाही.

“सर,” ते पडद्यापाशी उभं राहून म्हणाले. “आग मी काढली. काल दुपारी.” आणि डबा उघडला. वरच्या पुडात भाकरी होती. खालच्या पुडात थर्माकोलचा तुकडा, आणि त्यात एकतीस ज्वाळा ओळीनं टोचलेल्या. प्रत्येकीखाली पेननं आकडा.

सर डब्याकडं बघत राहिले. त्यांनी तोंड उघडलं, आणि पत्र्याकडं एकदा बघून मिटलं.

“का?”

अप्पांनी सांगितलं. लिंबाखाली सांगितलं त्यापेक्षा थोडक्यात.

“मला फोन करायचा होता, अप्पा.”

“केला असता तर काढू दिली असती का?”

“नाही.”

मग कामाला लागले. इंद्रजित फोटो उलटे सरकवत आकडा सांगायचा, अप्पा डब्यातनं ज्वाळा उचलून द्यायचे, शिवलीला ती जुन्याच भोकात बसवायची आणि पडद्यावर कडा जुळतात का बघायची. एकतीस, तीस, एकोणतीस. आग टोकापासून बुडाकडं पेटत आली. पावणेपाचला पडद्यावर सगळं एकेरी झालं, अगदी शनिवारच्या दोनशे बारासारखं. मावशीनं तोंड फिरवलं आणि म्हणाली, “आता येळवस झाली. आता जळू द्या.”

“अप्पा, किल्ली,” सर म्हणाले.

अप्पांनी करदोड्याची किल्ली सोडून टेबलावर ठेवली.

“उद्या साडेनऊला या. लवकर नको.” सर वहीवर वाकले. “आणि पाणी कुठं मारायचं ते शिवलीलाला दाखवा. या भागापुरतं.”

अप्पांनी मान डोलावली. पण स्टुलावर जाऊन बसले नाहीत. लाल टेप ओलांडून बाहेर आले आणि गुडघे कुरकुरत असतानाही हर्षालीसमोर उकिडवे बसले. ती मावशीच्या लोकरीवरून नुकतीच उठली होती, गालावर तिचे वळ होते.

“हर्षाबाई, आग मी काढली हुती.”

हर्षालीनं त्यांना खालून वर नीट बघून घेतलं. “तुम्ही?”

“व्हय. मग तू का ‘व्हय’ म्हणलीस?”

“सर ओरडले.”

“मीबी त्याच्यामुळंच गप बसलो बघ,” अप्पा म्हणाले.

शिवलीलानं सरांकडं बघायचं टाळलं. आपण बघितलं तर त्यांना काहीतरी बोलावं लागेल, आणि जे बोलतील ते पुन्हा मोठ्यानं येईल, असं तिला वाटलं. पावलं मात्र ऐकू आली. सर टेपपर्यंत आले, थांबले, पलीकडं आले आणि अप्पांच्या शेजारी जमिनीवर बसले. पॅंटला पिंजलेली लोकर चिकटली.

“हर्षाली,” ते म्हणाले. इतकं हळू, की इंद्रजितनं पंखा बंद केला. “आग तू घेतली होतीस का?”

हर्षालीनं आईकडं बघितलं. शिवलीलानं काहीच खूण केली नाही. दोन्ही हात पदरात घट्ट धरून ती उभी राहिली.

“न्हाय,” हर्षाली म्हणाली.

“मग उद्या ये,” सर म्हणाले.